दार लावून मांडलेला हिशेब

शास्त्रभाग : २ राजे ४:१–७



वर दर्शविलेला शास्त्रभाग प्रथम घरांत सर्वांदेखत वाचावा आणि मग हा लेख हातीं घ्यावा, अशी आमची विनंती आहे. भाग अवघ्या सात ओव्यांचा आहे. ह्या ओव्या बहुतकरून चमत्कार म्हणून शिकविल्या जातात. रविवारच्या शाळेंत मुलें रिकाम्या भांड्यांचीं चित्रें काढतात, तेल पुष्कळ झालें हें ऐकतात आणि आनंदानें घरीं जातात. परंतु गोष्टीचा आरंभ तेलानें होत नाहीं, कर्जानें होतो. आणि तें कर्ज कोणाचें ? एखाद्या जुगाऱ्याचें किंवा दारूबाजाचें नव्हे. संदेष्ट्यांच्या मंडळींतील एका शिष्याचें. तो देवाला भिऊन वागत असे अशी साक्ष त्याची विधवा देते, आणि अलीशा ती साक्ष खोडून काढीत नाहीं. असा मनुष्य मेला तो मागें देणें ठेवून मेला, आणि धनको त्याचे दोन मुलगे दास करून नेण्यास दारीं आला.

हें आम्ही मुद्दाम आरंभींच सांगतों. आपल्या मंडळ्यांत कर्जबाजारी मनुष्याची स्थिति चोरासारखी होते. वाण्याच्या दुकानावरून जावयाचें तर तो मागल्या वाटेनें जातो. फोन वाजला कीं उठून अंगणांत जातो. उपासनेंत मागें बसतो, आणि प्रार्थनेच्या विनंत्या विचारल्या म्हणजे मुलीच्या परीक्षेसाठीं, म्हशीच्या दुखण्यासाठीं प्रार्थना मागतो. पण ज्या गोष्टीनें त्याची झोंप नेली आहे तिचें नांव काढीत नाहीं. दुखणाइतासाठीं जी मंडळी गुडघे टेंकते तीच कर्जाचें नांव निघतांच एकमेकांस डोळ्यांनीं खुणावते, हें त्यास ठाऊक असतें. त्या विधवेनें मात्र मोठ्यानें गाऱ्हाणें केलें. देणें आहे हें तिनें लपविलें नाहीं, आणि धनको दारांत उभा आहे हेंही लपविलें नाहीं. तेल त्यानंतर वाढलें.

गेल्या वर्षीं पावसाळ्यापूर्वीं मुळशी तालुक्यांतील एका वाडीवरून आम्हांस बोलावणें आलें. घरधनी आपल्या मंडळींत रविवारीं उपदेश करणारे गृहस्थ. त्यांचें नांव किंवा गांव आम्ही लिहीत नाहीं. हकीकत छापण्यास त्या उभयतांनीं संमति दिली आहे. बोलावण्याचें कारण असें कीं, आपल्या तीस गुंठे भातशेतापैकीं रस्त्याकडील पांच गुंठे त्यांनीं एका दलालास देऊं केले होते. सात-बाऱ्यावर दोघांचीं नांवें, आणि पत्नी सही करण्यास तयार नव्हती. आमच्या शब्दानें तिचें मन वळावें अशी त्यांची अपेक्षा होती.

तिचा नकार आम्हांस योग्य वाटला. ह्या खोऱ्याचा इतिहास ज्यांस ठाऊक आहे त्यांसही तो योग्यच वाटेल. मुळा व नीळा ह्या नद्यांचा जेथें संगम होता तेथें आज मोठा तलाव आहे. वीज उत्पन्न करण्यासाठीं टाटा कंपनीनें तेथें धरण बांधलें. त्याचें पाणी घाटाखालीं भिरा येथें नेऊन वीज काढतात. आपलीं भातशेतें बुडणार म्हणून मावळे १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, सत्याग्रहास बसले. पांडुरंग महादेव बापट ह्यांस सेनापति हें नांव ह्याच लढ्यानें मिळालें. लढा १९२४ पर्यंत चालला आणि अखेर शेतें पाण्याखालीं गेलीं. ह्या हकीकतींत एक गोष्ट आहे ती ऋणकोनें विसरूं नये. खोऱ्यांतील पुष्कळ जमीन त्या वेळीं पुण्याच्या सावकार-जमीनदारांकडे होती. कसणारा मावळा, कागद दुसऱ्याचा. ज्याचा कागद होता त्यास मोबदल्याची रक्कम पाहिजे होती. जो चिखलांत उभा होता त्यास शेत पाहिजे होतें. दोघांचें हित वेगळें पडलें, आणि मावळ्याची बाजू लंगडी झाली. धरणाचें पाणी चढण्यापूर्वींच व्याजाचें पाणी त्या शेतांवर चढलेलें होतें.

आतां त्या घराकडे वळूं. बाईंनीं चहा ठेवला आणि येवढेंच म्हटलें, “पाळकसाहेब, ह्यांना विचारा, कर्ज आहे तरी किती ?” घरधन्यांस उत्तर देतां येईना. आम्ही किंचित् रागावलों हें खरें. पण पाठोपाठ लाज वाटली, कारण आमच्या स्वतःच्या देण्याची बेरीजही आम्हीं कित्येक महिने केलेली नव्हती.

मग दार लावलें. अलीशानें त्या विधवेस दार लावून घेण्यास सांगितलें त्याचें कारण भाष्यकार निरनिराळें देतात. आम्हांस असें वाटतें कीं, घरच्या माणसांनीं एकमेकांदेखत खरें बोलावें आणि शेजाऱ्यांनीं तें पाहूं नये, येवढा अर्थ तरी त्यांत निश्चित आहे. फोन बंद करून कोनाड्यांत ठेवला. मुलीची अर्धी कोरी राहिलेली शाळेची वही घेतली, आणि लिहिण्याचें काम त्या तेरा वर्षांच्या मुलीकडेच दिलें. बापास तें रुचलें नाहीं. पण शास्त्रांतील गोष्टींत ज्या मुलांस धनको नेणार होता त्यांच्याच हातून भांडीं आणविलीं गेलीं, हें आम्हीं त्यांस दाखविलें.

पहिल्या पानावर देणें उतरलें. सावकाराचे ४०,०००, दरमहा शेंकडा पांच व्याजानें. बायकांच्या गटावर घेतलेल्या कर्जाचे २,३०० रुपयांचे १२ हप्ते, म्हणजे २७,६००. मोबाईलचे १,५०० रुपयांचे ६ हप्ते, म्हणजे ९,०००. वाण्याची उधारी ७,६५०. आणि बाईंच्या भावाकडून हातउसने आणलेले १५,०००. एकूण ९९,२५०. ह्यांपैकीं सावकाराची व भावाची रक्कम बाईंस ठाऊक नव्हती. भावाचें नांव वहींत उतरलें तेव्हां ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. त्याविषयीं अधिक लिहूं नये हें बरें. येवढेंच सांगतों कीं, त्या दिवशींच्या कामांत पैशाचा भाग सोपा होता.

सावकाराच्या रकमेकडे वाचकांनीं बारकाईनें पाहावें. शेंकडा पांच हे शब्द कानाला हलके लागतात. पण ते दरमहाचे आहेत. वर्षास शेंकडा साठ झाले. चाळीस हजारांवर दर महिन्यास दोन हजार नुसतें व्याज. असे वीस महिने भरले म्हणजे चाळीस हजार भरून होतात आणि चाळीस हजारच उभे राहतात. आमच्या ह्या बंधूंनीं तेरा महिने, म्हणजे २६,००० रुपये, असे भरलेले होते. “मी फेडतोंच आहें,” असें ते स्वतःस सांगत होते. एक रुपया फिटलेला नव्हता. आणि भरलेल्या रकमेची एकही पावती त्यांच्यापाशीं नव्हती.

पावतीविषयीं थोडें विषयांतर करतों. १२ मे १८७५ रोजीं ह्याच पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले आणि त्यांनीं रोखे व वह्या काढून जाळल्या. सरकारनें चौकशी नेमली, आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं वेगळा कायदा झाला. रोख्यावर जो आंकडा लिहिला असेल तो डोळे मिटून न मानतां, मूळ मुद्दल किती आणि व्याज किती हें प्रथमपासून तपासावें, अशी मोकळीक त्या कायद्यानें न्यायाधीशास दिली. ही मोकळीक द्यावी लागली, कारण व्यवहाराची वही एकाच बाजूची होती. कुळापाशीं लिहिलेलें कांहीं नव्हतें. सावकार वाचून दाखवील तेंच खरें. आज आपल्या मंडळ्यांत बहुतेक घरीं लिहितां येणारें कोणीतरी आहे. तरी वही पुन्हां धनकोचीच, आतां ती त्याच्या फोनांत असते, येवढाच फरक झाला आहे.

दुसऱ्या पानावर महिन्याचें उत्पन्न व खर्च मांडला. घरधनी एका बंगल्यावर राखणदार, त्यांचे १४,०००. बाईंची लावणी-कापणीची मजुरी व इतर काम मिळून सरासरी ४,०००. अठरा हजारांतून व्याज व हप्ते ह्यांचे ५,८०० प्रथमच निघून जात. बाकीच्या खर्चाची यादी येथें देत नाहीं; ती प्रत्येक घराची निराळी, आणि दुसऱ्याची यादी वाचून आपला खर्च कमी होत नाहीं. एकच ओळ सांगतों. तंबाखू व बाहेरचा चहा ह्यांपुढें काय लिहूं असें मुलीनें विचारलें तेव्हां बाप म्हणाले, “दहा-वीस रुपये.” रोजचा हिशेब लावला तो ४५ रुपये निघाला, महिन्याचे १,३५०. मोबाईलच्या हप्त्यापेक्षां फक्त दीडशें कमी. लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायांत बुरूज बांधणाऱ्याचा दृष्टांत आहे. आपणापाशीं पुरेसें आहे कीं नाहीं हें तो आधीं बसून मोजतो. बसून, हें लक्षांत घ्यावें. आपला सर्व हिशेब चालतां चालतां होतो, आणि चालतां चालतां पंचेचाळिसांचे वीस होतात.

तिसरें पान घरांतील वस्तूंचें. येथें बाई प्रथम म्हणाल्या कीं आमच्या घरीं विकण्यासारखें कांहीं नाहीं. त्या विधवेचेंही पहिलें उत्तर असेंच होतें. तेलाची आठवण तिला मागाहून झाली. म्हणून आम्ही सर्व उठलों आणि पडवी, गोठा व माळा पाहिला. दोन वर्षें न चाललेली मोटारसायकल गवताखालीं होती. बैलगाडी मोडून बैल गेले होते, पण तिचीं दोन चाकें भिंतीशीं उभीं होतीं. माळ्यावर पितळेचे दोन हंडे, एक घंगाळ व दोन पराती. गोठ्यांत जातें. गिरणी आल्यापासून त्यावर कोंबड्या बसत होत्या.

विकावें काय आणि राखावें काय, ह्याविषयीं मोशेच्या नियमशास्त्रांत एक सुंदर नियम आहे. अनुवाद २४:६ मध्यें धनकोस जातें किंवा त्याची वरची तळी गहाण घेण्यास मनाई केली आहे, कारण ज्यावर घराची भाकरी चालते तें घेणें म्हणजे जीवच घेणें होय. हाच न्याय आपल्या देशाच्या कायद्यांतही आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमाप्रमाणें ऋणकोचीं जरुरीचीं वस्त्रें, स्वयंपाकाचीं भांडीं, अंथरूण-पांघरूण, कारागिराचीं हत्यारें, आणि शेतकऱ्याचीं औतें व निर्वाहास लागणारीं गुरें व बियाणें कोर्टाच्या हुकुमानेंही जप्त होत नाहींत. जें कोर्टास नेतां येत नाहीं तें आपण आपल्या हातानें कां विकावें ? दुभती गाय, शिवणयंत्र, विळेकोयते, पेरणीचें भात आणि जमीन ह्यांवर भाकरी चालते. त्यांस हात लावूं नये. उलट, जें भाकरी देत नाहीं आणि केवळ ‘असूं द्या’ म्हणून पडलें आहे, त्याचा मोह कशाला ? ह्या घरीं तर मोशेच्या काळचें जीवन असलेलें जातेंच कोंबड्यांचें आसन झालेलें होतें. हें ऐकून बाई त्या दिवशीं पहिल्यानें हंसल्या.

मोटारसायकलचे ११,००० आले. ह्या तालुक्यांत पुण्याच्या लोकांचे बंगले पुष्कळ झाले आहेत, आणि बागेंत मांडण्यासाठीं जुनीं चाकें, जातीं, उखळें त्यांस पाहिजे असतात. चाकांचे व जात्याचे मिळून ४,५०० मिळाले. पितळेची गोष्ट कठीण होती. तीं भांडीं बाईंस आईनें लग्नांत दिलेलीं. विका असें आम्हीं म्हटलें नाहीं, आणि कोणत्याही पाळकानें म्हणूं नये. तिसऱ्या दिवशीं तिनें स्वतःच तीं घासून पौडास वजनावर नेलीं. एक लहान परात ठेवली. ६,२०० आले. मंगळसूत्र मोडावें अशीही एक सूचना नातलगांकडून आली होती, ती घरधन्यांनींच नाकारली. एकूण २१,७०० झाले, आणि पांच गुंठ्यांचा दलाल परत गेला.

आतां शास्त्रभागांतील शेवटची ओवी पाहा. तेलानें भांडीं भरल्यावर ती विधवा तें घेऊन बाजारांत धांवली नाहीं. ती देवाच्या माणसाकडे परत गेली आणि त्यास तें सांगती झाली. आणि क्रम काय मिळाला ? आधीं विकणें, मग देणें फेडणें, मग उरलेल्यावर निर्वाह. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा होतो. हिंजवडी-माणकडे जमिनींचे पैसे आले तेव्हां कित्येक घरीं आधीं गाडी आली, मग लग्नाचा मांडव आला, आणि देणें तसेंच राहिलें. हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. हातीं रक्कम आल्यावरचे पहिले आठ दिवस हे कर्जाच्या आठ वर्षांपेक्षां धोक्याचे असतात. म्हणून मंडळींतील दोन वडील त्याच दिवशीं घरधन्यांबरोबर सावकाराकडे गेले.

सावकार म्हणाला, थोडे थोडे घेत नाहीं, सगळे एकदम आणा. अशा वेळीं घाबरूं नये. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणें परवान्यावांचून सावकारी करणें गुन्हा आहे. तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे नेतां येते, आणि सावकारीच्या व्यवहारांत मागील १५ वर्षांत घेतलेली जमीन चौकशीअंतीं परत देवविण्याचा अधिकार जिल्हा निबंधकास आहे. वडिलांनीं परवाना पाहूं म्हटलें, तेव्हां बोलण्याचा सूर बदलला. रक्कम मुद्दलांत जमा झाली, तशी सही मिळाली, आणि पुढें व्याज उरलेल्या १८,३०० वरच लागेल असें ठरलें. सरळ कायद्याकडे जावें असें आमचें मत होतें; घरधनी म्हणाले, मीं तोंडानें शब्द दिला आहे, तो पाळूं द्या. ह्या बाबतींत त्यांचें बरोबर कीं आमचें, ह्याचा निर्णय आम्हीं अद्यापि केलेला नाहीं. परंतु जेथें धाकदपटशा आहे, किंवा जमीन लिहून घेतली आहे, तेथें मुकाट्यानें सोसणें हें ख्रिस्ती शालीनतेचें लक्षण आम्ही मानीत नाहीं. नहेम्याच्या पांचव्या अध्यायांत गरिबांनीं शेतें व मुलें गहाण पडल्याची ओरड केली, तेव्हां त्यानें गरिबांस गप्प बसविलें नाहीं. धनकोंस सभेंत उभें केलें. तेथें शतांशाचा उल्लेख आहे, तो कित्येक अभ्यासक दरमहा शेंकडा एक असा समजतात. शेंकडा एकावर नहेम्या इतका संतापला. आपल्याच मंडळींत बसून शेजाऱ्यास शेंकडा पांचानें देणारे कोणी असतील तर त्यांनीं तो अध्याय आज रात्रीं वाचावा.

पुढचा हिशेब मुलीनें मांडला. पूर्वींचे दोन हजार चालूच ठेवावयाचे आणि तंबाखू-चहांतले सातशें त्यांत घालावयाचे. मोबाईलचे हप्ते सहा महिन्यांत संपले कीं ते दीड हजारही तिकडेच वळवावयाचे. नवा फोन नाहीं, कोणास जामीन राहणें नाहीं. जामीनकीविषयीं नीतिसूत्रांचा सहावा अध्याय स्पष्ट आहे. तेथें अधिक लिहिण्याचें कारण नाहीं.

मंडळ्यांस मात्र थोडें लिहिलें पाहिजे. विधवेनें शेजाऱ्यांकडून पैसे उसने आणले नाहींत, रिकामीं भांडीं आणलीं. आणि शेजाऱ्यांनीं तीं दिलीं. आपल्या हंगामाच्या उपासनेंत अर्पण आलेल्या भोपळ्याचा व कोंबड्याचा लिलाव होतो. त्यांत आनंद आहे. पण लिलावांत चढाओढीनें बोली वाढवून ‘पुढल्या महिन्यांत देतों’ म्हणणारे बंधू आम्हीं पाहिले आहेत, आणि त्यांस टाळ्या देणारी मंडळीही पाहिली आहे. उधारीच्या भोपळ्यानें देवाचा गौरव कसा होतो, हें आम्हांस कळत नाहीं. त्याच अंगणांत वर्षांतून एकदां घराघरांतील नको असलेल्या वस्तूंचा बाजार भरवावा. विकणाऱ्यास लाज वाटूं नये म्हणून पाळकानें व वडिलांनीं आपल्या घरची एकेक वस्तु प्रथम मांडावी. लग्नांत आहेर व जेवणावळ किती असावी ह्याचा ठराव पंचांनीं करावा, आणि तो प्रथम सुखवस्तु घरास लावावा. गरिबाच्या लग्नापासून आरंभ केला तर तो ठराव राहणार नाहीं, टोमणा होईल. आणि जे उपदेशक स्वतः कर्जांत आहेत त्यांस आमचें विशेष सांगणें आहे. ह्या बंधूंनीं दोन वर्षें रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायावर उपदेश केला नव्हता. आठव्या ओवीशीं येतांच जीभ अडते, असें त्यांनीं आम्हांस सांगितलें. जिल्ह्यांतील पाळकांस किंवा आम्हांस कळवावें. पत्र छापलें जाणार नाहीं.

सावकाराचा शेवटचा रुपया आठव्या महिन्यांत फिटला. त्याची सही असलेली पावती वहींत चिकटविली आहे. वाण्याचे दरमहा पांचशेंप्रमाणें ४,००० गेले, ३,६५० राहिले आहेत. गटाचे चार हप्ते बाकी आहेत. भावाच्या पंधरा हजारांपैकीं अजून कांहीं दिलें गेलें नाहीं. परंतु दिवाळीच्या सुटींत घरधनी स्वतः मेहुण्यांकडे जाऊन आले, वही बरोबर नेली, आणि कोणत्या महिन्यापासून किती देतां येईल हें त्यांच्या पुढ्यांत बसून लिहून आले.